तीन गाड्या आणि बारा लिंबं

गाडी घ्यायचं ठरलं तेव्हा मला गाडी चालवता येत नव्हती. हा मुद्दा आमच्या घरात फक्त एका व्यक्तीने उपस्थित केला आणि त्या व्यक्तीला आम्ही सगळ्यांनी मिळून "तू मध्ये बोलू नकोस" असं बजावलं. ती व्यक्ती म्हणजे माझी बायको शुभांगी. गाडी तिच्यासाठीच घ्यायची होती.

तसं लायसन्स माझ्याकडे होतं. तिशीत काढलेलं. पण त्या काळी ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत मास्तरांच्या पायाखालीही क्लच-ब्रेक असायचे, त्यामुळे परीक्षेच्या दिवशी गाडी नक्की कोणी चालवली याबद्दल मला आजही खात्रीने सांगता येणार नाही. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत स्कूटर एके स्कूटर. (लायसन्सवरच्या फोटोत आणि माझ्यात आता फक्त कान सारखे उरलेत.)

शुभांगी शहराबाहेरच्या मांजरी गावातल्या एका शाळेत विज्ञान शिकवते. शनिवार पेठ ते मांजरी, रोज, बस बदलत. वीस वर्षांत त्या बसच्या पायऱ्यांनी तिचा गुडघा खाल्ला. डॉक्टरांनी सांगितलं, "बस बंद. एक तर गाडी घ्या, नाहीतर नोकरी सोडा." निवृत्तीला चार वर्षं बाकी, दहावीचा वर्ग हातात. ती घरी येऊन रडली वगैरे नाही. तिने फक्त राजीनाम्याचं पत्र लिहिलं आणि कपाटात साड्यांच्या घडीखाली ठेवून दिलं. शाळेत राहणार की जाणार, हे दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी मुख्याध्यापिकांना सांगायचं होतं. ते पत्र मी पाहिलं आणि परत घडीखाली ठेवलं. म्हटलं, हिची शाळा सुटता कामा नये. गाडी घ्यायचीच!

इथपर्यंत सगळे समजूतदारपणे वागले. मग गाडी कोणती, हा प्रश्न आला.

आमचा मुलगा निनाद आयटीत आहे. तो म्हणाला, "बाबा, इलेक्ट्रिक. डिस्कशनच नाही. डेटा बघा!" आणि त्याने लॅपटॉपवर एक तक्ता दाखवला. त्यात एकेचाळीस रकाने होते. बॅटरीचे होते, चार्जरचे होते, हवेच्या प्रदूषणाचे होते. आईचा एकही नव्हता.

मला हवी होती स्पोर्टी गाडी. लाल. ठेंगणी. छताला काच असलेली. (कारण विचारू नका. माणूस निवृत्त झाला की त्याला एक तर अध्यात्म लागतं किंवा लाल गाडी. अध्यात्मात लवकर उठावं लागतं.) मी घरी सांगताना मात्र "पिकअप चांगला पाहिजे, मांजरी लांब आहे" असं सांगत होतो.

तिसरं मत माझ्या आत्याचं. आत्या कसबा पेठेत एकटी राहते, एक्क्याऐंशी वर्षांची आहे आणि आमच्याकडे चालत येते. रिक्षात ती बसत नाही, कारण रिक्षावाले तिला 'आजी' म्हणतात. तिचं म्हणणं एवढंच, की गाडी ऐसपैस हवी. "मांडी घालून बसता आलं पाहिजे. जिथे मांडी घालता येत नाही ती गाडी नव्हे, शिक्षा!"

"पण गाडी चालवणार कोण?" शुभांगीने पहिल्याच बैठकीत विचारलं.

"मी!" मी म्हणालो.

"कोण?"

"अगं, मीच! लायसन्स आहे माझ्याकडे!"

ती माझ्याकडे बघत राहिली. वर्गात कुणी पाण्याचं सूत्र चुकलं की ती अशीच बघत असावी.

"तू मध्ये बोलू नकोस," आत्या म्हणाली. "तुझ्यासाठीच चाललंय सगळं."

अशा तीन महिने बैठका चालल्या. गणपती आले नि गेले, दसरा गेला, पाडव्याचा मुहूर्तही आम्ही वाद घालण्यात घालवला. शेवटी सोमवार दोन दिवसांवर आला तेव्हा मी एक धूर्तपणा केला. शोरूमला फोन करून लाल गाडीची टेस्ट ड्राइव्ह रविवारी सकाळी दहाला घरपोच मागवली. म्हटलं, एकदा गाडी दारात उभी राहिली की सगळे विरघळतील. कुणाला बोललो नाही.

निनादनेही कुणाला न बोलता इलेक्ट्रिक गाडी रविवारी सकाळी दहाला मागवली होती. आणि आत्याने शेजारणीकडून फोन लावून घेऊन ऐसपैस गाडी मागवली होती. रविवारी सकाळी दहाला! (तिघांनीही दहाच का निवडले? कारण आमच्या घरी रविवारी सव्वादहाला पोहे होतात. पाहुण्याला सव्वादहाच्या आत वाटेला लावायचं, ही आमची घराण्याची शिस्त.)

आता आमचा बोळ. शनिवार पेठेत आमची इमारत एका बोळाच्या टोकाला आहे. बोळाची रुंदी एक गाडी आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेक उघडलेलं वर्तमानपत्र एवढी. शेवटी आमचं फाटक आणि फाटकाच्या आत आमच्या हक्काची पार्किंगची जागा, जिथे बारा वर्षं आमचाच एक मोडका दिवाण आणि दोन पिंपं उभी होती. म्हणजे आलेल्या गाडीने फाटकाला नाक लावायचं आणि जाताना मागे मागे जायचं. दुसरा मार्ग नाही.

बरोबर दहाला लाल गाडी आली आणि फाटकाला नाक लावून उभी राहिली. तिच्या मागून निळी इलेक्ट्रिक. आवाजच नाही, त्यामुळे ती आल्याचं कुणाला कळलंच नाही. तिच्या मागून पांढरी ऐसपैस. ती मात्र सगळ्यांना कळली, कारण तिने येताना कोपऱ्यावरच्या घराची कुंडी पाडली.

मी आनंदाने खाली धावलो आणि लाल गाडीचं दार उघडून आत बसलो. बसलो म्हणणं चूक आहे. पडलो. सीट इतकी खाली, की मी ज्या उंचीवर बसायला गेलो तिथे सीटच नव्हती. कमरेत कट्कन आवाज आला आणि उसण भरली.

"सर, फील कसा आहे?" शेजारी बसलेल्या लाल गाडीवाल्याने विचारलं.

"अप्रतिम!" मी दात आवळत म्हणालो. उठायला म्हणून समोरच्या चाकाला धरून जोर लावला, तर हॉर्न वाजला. परत जोर लावला, परत हॉर्न! तिसऱ्यांदा दुसराच काहीतरी दांडा हाताला लागला आणि काचेवर पाणी उडून वायपर सुरू झाले.

हॉर्न ऐकून दुसऱ्या मजल्यावरचे बापट खिडकीत आले. बापट आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांनी खालच्या तीन गाड्यांकडे पाहिलं.

"अभिनंदन," ते म्हणाले. "एक चालवायला, एक बसायला, आणि तिसरी पडद्यांना मॅचिंग?"

"टेस्ट ड्राइव्ह आहे हो, बापट!"

"असेल. माझी साडेदहाला दाढ आहे. काढायची आहे. स्कूटर फाटकाच्या आत आहे आणि आपण फाटकाच्या बाहेर आहात, सहकुटुंब सहपरिवार. काय ते बघा."

एवढ्यात आत्या आली! कसब्यातून चालत, हातात पूजेचं तबक, खांद्याला पिशवी. 'गाडी येणार' म्हणजे गाडी घेतली, असाच तिचा समज. शोरूम गाडी नुसती बघायला पाठवतं, ही कल्पना तिला मान्यच नाही. दुकानदार कधी साडी नेसून बघायला देतो का?

आमच्या आत्याला नव्या वस्तूची पूजा करायची इतकी हौस आहे, की मागे एकदा शेजारच्यांचा फ्रीज चुकून आमच्या दारात उतरवला तर तिने तो ओवाळला, आणि ओवाळलेली वस्तू दाराबाहेर जाऊ द्यायला साफ नकार दिला. (तो फ्रीज अजून आमच्याकडेच आहे. शेजारच्यांना आम्ही नवा घेऊन दिला.)

तिने पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर कुंकवाने टपोरं स्वस्तिक काढलं, अक्षता टाकल्या. पांढऱ्या गाडीबरोबर आलेला राऊत नावाचा माणूस यवतमाळकडचा. तो घाबरून म्हणाला, "आजी, काय करून राहिल्या जी तुम्ही? डेमोची गाडी आहे न हे!"

"आजी कोणाला म्हणतोस?" आत्या म्हणाली आणि निळ्या गाडीकडे वळली. मग लाल. तिघींनाही हळदकुंकू, तिघींनाही झेंडूचा हार, तिघींच्याही चारही चाकांपुढे एकेक लिंबू. बारा लिंबं! पिशवीत होतीच. आत्या कुठेही गेली तरी पिशवीत लिंबं असतात. एक गाडी पुजली आणि दुसरी तशीच ठेवली तर दुसरीला काय वाटेल, असा तिचा विचार.

राहिला नैवेद्य. निनाद निळ्या गाडीचं चार्जिंगचं झाकण उघडून कौतुकाने आत बघत होता. आत्याने ते पाहिलं. गाडीने तोंड उघडलंय, एवढंच तिला दिसलं. तिने पुढे होऊन त्यात पेढा घातला.

"आत्याआजी! पोर्ट! पोर्ट आहे ते!" निनाद किंचाळला.

"आवं, पेढा नगा घालू! तिथनं वीज जाती!" निळ्या गाडीचे शेवाळे धावले. ते मूळचे मांजरीचे, पन्नाशीचे, तोवर शांत होते. "काढा, काढा! ओला हाय का सुका?"

"कंदी आहे," आत्या अभिमानाने म्हणाली.

वरून बापटांचा आवाज आला. "दहा वाजून सतरा मिनिटं. पोहे झाले असतील तर खाऊन घ्या, मग निघा. माझी दाढ काय, थांबेल."

आता बोळ मोकळा करायला पांढरी गाडी आधी मागे जायला हवी, मग निळी, मग लाल. राऊत पांढऱ्या गाडीत बसणार, तोच आत्या आडवी आली.

"लिंबं चाकांपुढे आहेत. लिंबू चिरडून पुढे जायचं. पुढेच! ओवाळलेली गाडी मागे गेली म्हणजे घर मागे गेलं!"

"पण आत्या, पुढे निळी आहे!"

"मग निळीने पुढे जावं."

"निळीच्या पुढे लाल आहे!"

"मग लालने जावं."

"लालच्या पुढे फाटक आहे!"

"मग फाटक उघडा."

फाटक उघडलं. आत बापटांची स्कूटर, तिच्यामागे आमचा दिवाण, त्याच्यामागे पिंपं आणि त्यांच्यामागे पाण्याची टाकी. टाकीच्या पुढे जायचं म्हणजे थेट नदीपात्र. आत्याने परिस्थिती पाहिली, पांढऱ्या गाडीचं मागचं दार उघडलं आणि आत जाऊन मांडी घालून बसली. "मार्ग निघेपर्यंत मी इथे आहे. बसायला छान आहे हं!"

सगळं ठप्प झालं. मी उसणीत अडकलेलो, दाढेत अडकलेले बापट, पेढ्यात अडकलेला निनाद. बोळाच्या तोंडाशी गॅस सिलिंडरचा टेम्पो येऊन उभा, त्याच्यामागे दूधवाला, त्याच्यामागे कसली गर्दी आहे ते बघायला आलेली गर्दी. तिघाचौघांनी आम्हाला पेढे मागितले. एक पेढा गेलेला होता, बाकीचे आत्याकडे आणि आत्या मांडी मोडायला तयार नाही!

तेव्हा शुभांगी खाली आली. हाताला पोह्यांची हळद तशीच. तिने पांढऱ्या गाडीपासून लाल गाडीपर्यंत एक चक्कर मारली, माझ्याकडे एकदा पाहिलं (मी तेवढ्यात हॉर्न वाजवला, चुकून), मग वाकून एकेक लिंबू उचललं आणि प्रत्येक चाकाच्या मागच्या बाजूला ठेवलं.

"आत्या, आता लिंबू कुठे आहे?"

"मागे."

"म्हणजे लिंबू चिरडायला गाडी कुठे गेली पाहिजे?"

आत्या विचारात पडली. एक्क्याऐंशी वर्षांत तिला असं कुणी कोंडीत पकडलं नव्हतं. "मागे," ती म्हणाली.

"बसून राहा तुम्ही. राऊत, घ्या गाडी मागे."

राऊतने बोळाकडे पाहिलं आणि कपाळावरचा घाम पुसला. "मॅडम, आत आलो ते देवाची कृपा होती. इतक्या बारीक गल्लीतून मागे नाही घेत जी मी."

"किल्ली द्या."

"कोण चालवणार?" मी लाल गाडीतून ओरडलो.

उत्तर न देता ती पांढऱ्या गाडीत बसली. सीट पुढे घेतली, आरसे नीट केले. चारही लिंबं फटाफट फुटली आणि ती अवाढव्य गाडी, मागे मांडी घातलेली आत्या घेऊन, दोन्ही भिंतींना न शिवता, टेम्पोला मागे रेटत रस्त्यावर जाऊन उभी राहिली! गर्दीतून टाळ्या पडल्या. आत्याने खिडकीतून हात हलवला.

शुभांगी चालत परत आली तेव्हा जरा लंगडत होती. मग तिने शेवाळेंकडून निळी गाडी घेतली आणि तीही गुपचूप बाहेर काढली. राहिली लाल. ती काढायची तर आधी मला काढायला हवं होतं. बापट खाली आले. लाल गाडीवाल्याने आतून ढकललं, बापट आणि शेवाळेंनी बाहेरून ओढलं.

"श्वास सोडा," बापट म्हणाले. "अजून सोडा. आता लाल रंगही सोडा."

मी निघालो. शुभांगीने लाल गाडी बाहेर नेली, बापट दाढेकडे गेले, टेम्पो आत आला.

आम्ही सगळे रस्त्यावर शुभांगीभोवती उभे राहिलो.

"तू कधी शिकलीस?" मी कंबर धरून विचारलं.

"डॉक्टरांनी सांगितलं त्याच महिन्यात. शाळेच्या मैदानावर. आमच्या व्हॅनवाल्या मामांनी शिकवलं. लायसन्सही काढलं."

"मग बोलली का नाहीस?"

"तीन वेळा बोलले. तिन्ही वेळा तुम्ही म्हणालात, मध्ये बोलू नकोस."

"बरं, मग कोणती घ्यायची?" निनादने विचारलं. आमच्या घरात हा प्रश्न तिला पहिल्यांदाच विचारला जात होता.

"लालमध्ये उतरताना-चढताना गुडघा पार दुमडतो. पांढरी चांगली आहे, पण क्लच डाव्या पायाने दाबायचा असतो, आणि आत्ता एवढ्याशा बोळात तो दाबताना माझ्या डोळ्यांपुढे तारे चमकले. निळीला क्लच नाही. डावा पाय नुसता ठेवून द्यायचा." तिने गुडघ्यावर हात ठेवला. "माझा डावा गुडघा दुखतो."

तीन महिने, एकेचाळीस रकाने, आणि गुडघा कोणता हे आमच्यापैकी एकानेही विचारलं नव्हतं. मला फार लाज वाटली. कमरेपेक्षा जास्त दुखलं ते. निनादने लॅपटॉप आणायला वळवलेलं पाऊल परत जागेवर आणलं.

"मांजरीला चार्जिंगची काय काळजी करू नका, बाई," शाळा मांजरीची आहे हे कळताच शेवाळे म्हणाले. "माझं घर शाळेच्या मागंच हाय. कधी लागलं तर वायर काढून देतो. फक्त पेढा नको."

सोमवारी ती रिक्षाने शाळेत गेली आणि "मी कुठेही जात नाही" असं सांगून आली. राजीनामा फाडायचं काम तिने मला दिलं. मी तो चार चार वेळा फाडला. बापटांनी पार्किंगमध्ये चार्जिंगची परवानगी त्याच आठवड्यात, एकही आक्षेप न घेता दिली. (दाढ काढल्यामुळे त्यांना बोलता येत नव्हतं, म्हणून आम्ही घाई केली.) दिवाण गेला, पिंपं गेली, महिनाभरात निळी गाडी आली. आत्या अजून अधूनमधून विचारते, "त्या दोघी कोणाकडे गेल्या रे? नीट सांभाळतात ना?"

आता रोज सकाळी शुभांगी गाडी घेऊन मांजरीला जाते. बोळातून मागे जायचं असतं, म्हणून मी खाली जाऊन गाडीच्या मागे उभा राहतो आणि हात हलवत ओरडतो, "येऊ दे, येऊ दे, डावीकडे घे, बस्स, येऊ दे!" सहा महिने मी हे काम मन लावून केलं. पेठेत चारचौघांना सांगितलंही, की माझ्याशिवाय आमची गाडी निघत नाही. परवा निनाद सहज बोलून गेला की गाडीला मागे कॅमेरा आहे, आतल्या पडद्यावर सगळं स्वच्छ दिसतं, शिवाय काही जवळ आलं तर ती आपणहून पिकपिक करते.

मी तडक शुभांगीला गाठलं. "अगं, एवढा कॅमेरा आहे, मग मला रोज खाली कशाला उभं करतेस?"

"अहो, कॅमेऱ्यात तुम्ही दिसलात की माझी खात्री होते."

"कसली? जागा आहे याची?"

"नाही. तुम्ही गाडीत नाही आहात, याची."